पुलावरचा थैलीवाला

१

पिक्चर सुटला की मी जिन्यापाशी माईक घेऊन उभी राहते. "कसा वाटला पिक्चर?" एवढं एकच वाक्य. दिवसातून इतक्यांदा म्हणते की एखाद दिवशी घरी आईनं ताट वाढलं की तिलाच विचारेन.

हे खूळ नारायणरावांचं. नारायणराव म्हणजे मलकापूरच्या मीनाक्षी टॉकीजचे मालक, माझे शेठ. लोक मोबाईलवर फुकटात पाहतात, टॉकीजला कोणी फिरकत नाही, म्हणून पिक्चर पाहून निघालेल्यांची मतं मोबाईलमध्ये घ्यायची आणि ग्रुपवर टाकायची. "कोकिळा, तुह्या आवाजात गोडवा हाय," म्हणाले. गोडवा कसला डोंबलाचा! तिकीट खिडकीवर मीच, इंटरव्हलला समोशांवर लक्ष ठेवायला मीच, आणि आता मतं घ्यायलाही मीच. घरी जाईपर्यंत पाय असे भरून येतात की चपलेत मावत नाहीत.

त्या शुक्रवारी मुडद्यांचा पिक्चर लागला होता. मोबाईलवरच्या कुठल्याशा गेमवरून काढलेला, इंग्रजीचा हिंदी केलेला. अख्खं शहर मेलंय, मेलेली माणसं रस्त्यानं हिंडतात, जित्यांना चावतात, आणि एक हीरो बंदूक घेऊन त्यांना लोळवत जातो. झालं. गेम खेळणारी पोरं पार धामणगाव बढ्याहून एसटीनं आली होती. एकाचं मत दुसऱ्याशी जुळेल तर शपथ.

"मजा नाई आली ताई. गेममधी हीरोजवळ कुऱ्हाड रायते, इथं बंदूक देल्ली."

"गेमपेक्षा भारी हाय!"

"मुडदे लय हळू चालतेत. माहा आजा पुढं निघून जाईन त्याईच्या."

"मुडदे लय पळतेत. भेवच नाई वाटत, हासू येते."

एकच पिक्चर, एकच दुपार. मी मान डोलवत राहिले. मान डोलवण्याचाच पगार आहे.

सगळ्यात शेवटी हर्षल उतरला. धामणगावला शेती करतो, माझ्या धाकट्या भावाचा शाळेतला दोस्त. मी माईक पुढे केला तर तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "पिक्चर ठीक हाय. पन ताई, पुलावर मुडद्यायची गर्दी येते ना? त्याच्यात पार मागं आपला गजू हाय."

"हर्षल, भर दुपारी घेतली का रे?"

"आईची शप्पत ताई. हातात थैली हाय त्याच्या. चालून राह्यला."

मी माईक बंद केला. संताप आला होता, खरंच. चेष्टा करायलाही काही हद्द असते.

२

गजू म्हणजे गजेंद्र, माझा धाकटा भाऊ. सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. लॉकडाऊन लागलं, कारखाना बंद, खोलीवाल्यानं बाहेर काढलं, तेव्हा त्याचा फोन आला. "आई, निघालो मी. लय लोक हायत सोबत. हायवेनं सरळ येतो पायी." आई म्हणाली, "सावकाश ये, ऊन हाय." तो म्हणाला, "पाय दुखून राह्यले, पन येतो." त्यानंतर फोन लागला नाही. आजपर्यंत नाही.

सुरतेचा हायवे आमच्या मलकापुरातून जातो. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी रोज हायवेवर जाऊन उभ्या राहायचो. माणसांचे लोंढे यायचे. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, पायाला चिंध्या बांधलेल्या, आणि नजर कुठेच नसलेली. आई प्रत्येकाला पाणी द्यायची आणि गजूचं वर्णन सांगायची. कोणी म्हणायचं मागं आहे, कोणी म्हणायचं पुढं गेला. लोंढे संपले. गजू त्यात नव्हता.

मग पोलीस झाले, दवाखाने झाले. आता दर गुरुवारी आई शेगावला जाते. भटकलेलं माणूस कधी ना कधी महाराजांच्या दारी येतंच, असं तिला कोणीतरी सांगितलं. ती दर्शनाच्या रांगेतली तोंडं पाहत बसते, लॉजवाल्यांना फोटो दाखवते. आता लॉजवाले तिला पाहून आत निघून जातात. मी सोबत जाऊन जाऊन दमले. माझ्या लग्नाचं पाहणं राहूनच गेलं. कोणी काढलंच तर आई म्हणते, गजू आल्यावर पाहू.

खरं सांगते, मला गजू परत येण्याची आशा उरली नव्हती. मला फक्त एकदा कोणीतरी सांगायला हवं होतं, आहे की नाही. एवढंच. मग रडून घेतलं असतं आणि झोपले असते.

३

शनिवारी बाराच्या शोला खिडकी बंद करून मी आत जाऊन बसले. आमचं टॉकीज भर दुपारीही तळघरासारखं गार असतं. पंखे कुरकुरतात, छताच्या पत्र्यावर कबुतरांची नखं वाजतात.

पूल आला. लांबलचक पूल, धूर, जळक्या गाड्या, आणि पलीकडच्या टोकाकडून गर्दी. मी पापणी न हलवता पाहत होते. सगळे गोरे, फाटके कोट घातलेले. एकेक तोंड पाहिलं. इतकी वर्षं गर्दीतली तोंडंच तर पाहतेय, मला सवय आहे. गजू नव्हता. थैली नव्हती. माझे डोळे भरून आले, ते बरं वाटलं म्हणून की वाईट वाटलं म्हणून, देव जाणे.

उठणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जण शेजारच्याला म्हणाला, "तो पाह्य, तो पाह्य. थैलीवाला."

दोघंही बोट दाखवत होते. मी त्या बोटाच्या रोखानं पाहिलं. तिथं नुसता धूर होता.

वर जाऊन गणेशला गाठलं. गणेश आमचा ऑपरेटर, मशीनवर असतो. विचारलं, "पिक्चर बदलते का रे? म्हंजे एका टायमाले एक, दुसऱ्या टायमाले दुसरा?"

"कसा बदलीन ताई? अगोदरचे रिळाचे डबे असते तं कापाकापी झाली असती. आता सारं कॉम्प्युटरवर येते. मुंबईत तेच, इथं तेच. अन् ते गर्दी त खरी मानसंबी नाईत, तेबी कॉम्प्युटरनंच काढतेत."

"मंग थैलीवाला कोन?"

गणेश तारा नीट करत राहिला. मग म्हणाला, "मले नाई मालूम. पूल आला का मी खाली चहा प्याले जातो."

४

मग मी एक वाक्य वाढवलं. "कसा वाटला पिक्चर?" झालं की विचारायचं, "अन् थैलीवाला पाह्यला का?"

लोकांना त्यात नवल वाटत नव्हतं, ह्याचंच मला नवल वाटत होतं. हीरोबद्दल जसं बोलावं तसंच त्याच्याबद्दल बोलायचे. राखी नावाची एक नर्स ड्युटी संपवून आली होती. गजूला ओळखायचं तिला काही कारण नाही. म्हणाली, "त्याले काऊन दाखवलं ते नाई समजलं. बाकीचे चावाले धावतेत, हा नुसता चालते. थकला हाय बिचारा. पायाकडे पाह्यवत नाई. थैलीले हिरवा बंद हाय, तो बंद हातावर गुंडायला हाय त्यानं."

"कुठं असते तो? पार मागं?"

"नाई वो, मंधात. ते जळकी बस हाय ना, तिथं."

हर्षलनं तर पार मागं सांगितलं होतं. एकेकाच्या नजरेचा फरक असेल, असं मी मनाशी म्हणाले. लोकांना हीरोच्या शर्टाचा रंग धड सांगता येत नाही. पण सोमवारी एक गेमवाला पोरगा चिडून म्हणाला, "असा कोनी गेममधी नाईच! अन् हीरो त्याले मारत काऊन नाई? बंदूक रोखते, अन् मंग खाली घेते. तो बाजूनं निघून येते." मंगळवारी एक बाई बाहेर पडताना पदरानं डोळे पुसत होत्या. मुडद्यांच्या पिक्चरला कोण रडतं? त्या म्हणाल्या, "पडद्याच्या पार जवळ आला होता. ओठ फाटले हायत."

"काही बोलला का?"

"नाई. पानी पायजे असंन त्याले."

बुधवारी मी माईक पुढे केला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "नुसतं तोंडच दिसते बाई आता. बाकी पडदाबी नाई दिसत." आणि माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "तुमचं कोनी हाय का ते?"

मी नाही म्हणाले. काय म्हणणार होते?

५

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून मी ती सगळी मतं ओळीनं लावली. आवाज अगदी बारीक ठेवला होता. एकेकटं ऐकलं तर काहीच नाही, लोक काहीबाही बोलतात. ओळीनं ऐकलं की तसं राहत नव्हतं. पुलाचं टोक, जळकी बस, हीरोच्या बाजूनं, पडद्याच्या जवळ. कोणीतरी येत होतं. आणि दिसत सगळ्यांना होतं, मला सोडून.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला वाटलं ऐकू जात नसेल.

"परत लाव ते," ती म्हणाली.

"काय?"

"ते नर्सबाईचं. हिरवा बंद म्हनली ना ते?"

मी लावलं. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. सुरतेला जाताना भाकरी बांधून द्यायला तिनं स्वतः ती थैली शिवली होती. बंदाला कापड पुरेना म्हणून माझ्या जुन्या हिरव्या परकराची पट्टी लावली होती. हे मी विसरले होते. खरंच विसरले होते.

"आई, आईक माहं. तो मुडद्यायचा पिक्चर हाय. त्याच्यात जे चालून राह्यले ते सारे मेले हायत. समजते का तुले काय म्हनून राह्यली मी?"

"चालून राह्यला म्हनतेत ना सगळे?"

"हो, पन—"

"मंग? मेलेलं मानूस चालते काय वं कधी?"

उभ्या मलकापुरानं आठवडाभर तेच तर तिकीट काढून पाहिलं होतं.

"उद्या गुरुवार हाय," मी म्हणाले. "शेगावची गाडी सकाळी—"

"उद्या शेगावले नाई जात मी," आई म्हणाली, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

६

गुरुवारी बाराचा शो शेवटचा होता. संध्याकाळी नारायणराव दुसरा पिक्चर चढवणार होते. आई ठेवणीतलं लुगडं नेसून खिडकीसमोर रांगेत उभी राहिली, परक्या गिऱ्हाइकासारखी. तिचा नंबर आला.

"दोन दे."

"मले नाई येता येत आई. खिडकी सोडून कशी येऊ?"

"तुह्यासाठी नाई."

मागे दोनचार माणसं ताटकळत होती. मी नाही म्हणू शकले असते. तिला समजावून घरी बसवता आलं असतं, गणेशला सांगून मशीन बिघडली म्हणता आलं असतं. पण माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही पाहायचंच होतं काय होतं ते. मी दोन तिकिटं फाडली.

दारातून पाहिलं. आमच्याकडे खुर्च्यांना नंबर नाहीत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसा आईनं शेजारच्या मिटलेल्या खुर्चीवर आपला रुमाल टाकला. एक पोरगा तिथं बसायला आला. आई म्हणाली, "मानूस येऊन राह्यला." पोरगा निमूट पुढं गेला. आमच्याकडे लोक भांडतील, शिव्या देतील, पण रुमालावर कोणी बसत नाही.

पिक्चर सुटला. मी माईक घेऊन जिन्यापाशी.

"कसा वाटला?"

"बेकार. लोकं सांगत होते थैलीवाला लय भारी हाय म्हनून. तो त नव्हताच."

"नव्हता?"

"कोनीच नव्हतं. पूल अख्खा रिकामा. हीरो एकटाच बंदूक धरून उभा. कोन्हाले मारावं समजेना त्याले."

दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्याला मी विचारलंच नाही. लोक संपले, जिना रिकामा झाला, आणि आई उतरली नव्हती.

मी आत गेले. दिवे लागले होते. पडदा नुसता पांढरा. आमच्या खुर्च्या जुन्या, स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते. रांगांमागून रांगा मिटलेल्या होत्या. मधल्या रांगेत आई बसली होती, आणि तिच्या शेजारची खुर्ची उघडी होती. रुमाल आईच्या मांडीवर होता.

स्प्रिंग गेली असेल, मी स्वतःला सांगितलं. आमच्या निम्म्या खुर्च्यांचं काही ना काही गेलेलं आहे.

"आई, चाल."

"आवाज नोको करू. दम खाऊ दे त्याले."

मी रांगेच्या टोकाशी थांबले. समोशांचा आणि ओल्या फरशीचा जो वास कायम असतो तो नव्हता. उन्हात तापलेल्या डांबराचा वास येत होता. वर पत्र्यावर एकही कबूतर वाजत नव्हतं.

"चाल बापा," आई हळूच म्हणाली आणि उठली. तिची खुर्ची खाट्‌कन मिटली. मग, जरा वेळानं, दुसरी.

७

स्कूटी मी टॉकीजच्या बोळात लावलेली होती. मी बसले. आई मागे बसली आणि म्हणाली, "जरा समोर सरक."

"काऊन?"

"सरक ना माय. जागा कर."

मी सरकले. गुडघे समोर टेकेपर्यंत सरकले. आईचं वजन मला पाठ आहे, शेगावच्या गाडीसाठी स्टेशनापर्यंतच्या कितीतरी खेपा आहेत. स्कूटी आणखी खाली दबली. आरशात आईचा पदर तेवढा दिसत होता. मान वळवून पाहायचं माझ्यानं झालं नाही.

गाडी रस्त्याला लागली. टायर बसलाय का म्हणून मी हळू केली, पण टायरचं नव्हतं. मागे रस्त्याला काहीतरी घासत होतं, खर्र, खर्र. ट्रिपल सीट बसलं की तिसऱ्याला पाय ठेवायला जागा नसते, ते असे घासतात. मी मोठ्यानं आईला काहीतरी विचारलं, तुरीच्या शेंगांचं असेल. ती उत्तर देईना. ती दुसऱ्याच कोणाशी बोलत होती. बारीक आवाजात, लेकराला झोपवताना बोलतात तसं.

हायवेच्या चौकात शिट्टी वाजली.

"ओ बाई! ट्रिपल सीट? बाजूले घ्या गाडी!"

ट्रॅफिकचा हवालदार हात दाखवत आमच्याकडे येत होता. मी ब्रेक दाबला. काय सांगू, त्या शिट्टीनं मला किती हायसं वाटलं! पुलावरचं, पडद्यावरचं नाही, भर रस्त्यात उन्हात एक शहाणासुरता माणूस मोजून सांगत होता, तीन आहेत म्हणून.

तो जवळ आला, वळसा घालून मागे गेला. पावती फाडायला हात खिशाकडे गेला होता तो तिथंच राहिला. तोंडातली शिट्टी गळून छातीवर आली.

मी समोरच पाहत होते. आठवडाभर जे सगळ्यांना विचारत होते ते पुन्हा विचारलं, पण ह्या वेळी माईक नव्हता. "साहेब, तुमाले दिसून राह्यला ना तो? मले नाई दिसत हो. तुमी सांगा. जित्ता हाय का?"

हवालदार पुन्हा माझ्यासमोर आला. वय झालेला माणूस होता. त्या उन्हाळ्यातही ह्याच चौकात उभा असेल. त्यानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. रस्त्यानं मयत चालली की माणसं थांबून हात जोडतात, तसे त्यानं आमच्या मागच्या सीटकडे पाहून हात जोडले. मग हायवेवर जाऊन त्यानं दोन्ही हात आडवे केले आणि दोन्हीकडचे ट्रक थांबवले.

मला हवं होतं ते मला मिळालं. मी हँडलवर डोकं ठेवून रडले, भर चौकात, ट्रक ड्रायव्हर पाहत असताना. मला वाटलं होतं कळलं की मोकळी होईन.

"काऊन थांबली वं?" आई मागून म्हणाली. तिच्या आवाजात इतकं सुख मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "चाल ना. लय चालला हाय तो. भूक लागली हाय त्याले."

मी डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. ट्रक थांबलेलेच होते. कोणी हॉर्न वाजवला नाही. गाडी जड चालत होती, मागे ते घासणं सुरूच होतं, आणि आई पदर सावरत त्याला सांगत होती, "आलंच आता. ते पाह्य, ते लिंबाचं झाड दिसते ना, तेच आपलं घर."